धाकट्या पोलंडचा स्टॅनराव

स्टॅनराव गेल्याचं मला आधी गॅरेजच्या दारानं सांगितलं. शॉमबर्गला आमच्या समोरच्या घराचं ते दार रोज सकाळी वर जायचं आणि आत हा पोलिश म्हातारा घडीच्या खुर्चीत बसलेला दिसायचा. त्या दिवशी दुपार झाली तरी दार खालीच. मग त्याची मुलगी बार्बरा रस्ता ओलांडून आली, माझा हात धरून म्हणाली, झोपेतच गेला. त्याचं बरं झालं. माझं नाही झालं.

मी चौथी शिकलेला. जन्म एसटीच्या डेपोत टायर बदलण्यात गेला. सरू, माझी बायको, गेल्यावर मुलानं इथं परदेशात आणलं. मुलगा-सून कामावर, दिवसभर घरात कुणी नाही, मी भिंतीकडं बघत बसायचो. एकदा दारात उभा होतो तर समोरून यानं हाक मारली आणि दुसरी खुर्ची उघडली. ती त्याच्या बायकोची होती, हे मागाहून कळलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून. पण बायका गेलेल्या दोन म्हाताऱ्यांना व्याकरण लागत नाही. तो मला बरणीतली खारवलेली काकडी द्यायचा, मी त्याला लिंबाचं लोणचं. डोळ्यांतून पाणी काढत खायचा आणि वर आणखी मागायचा.

त्याचं एकच दुखणं. चर्चमधले दोस्त मोठ्या पोलंडचे आणि हा मावोपोल्स्काचा, म्हणजे धाकट्या पोलंडचा. इंग्रजीत त्याला 'लेसर पोलंड' म्हणतात, लेसर म्हणजे कमी. दोस्त चिडवायचे, आला बघा कमी पोलंडवाला. एकदा रागारागानं त्यानं खडू घेऊन गॅरेजच्या जमिनीवर दोन गोल काढले. मोठा मुलूख आधीचा, पहिला राजा तिथला. धाकटा नंतर जोडला, म्हणून धाकटा. पण पुढं शेकडो वर्षं राजधानी तिथंच, क्राकोवला. मग शेजारच्या तीन राज्यांनी देश वाटून खाल्ला. याचा भाग ऑस्ट्रियाकडं गेला, त्यांनी त्यावर गॅलिशिया असं नाव ठोकलं. याचा आजा गॅलिशियात जन्मला, हा मावोपोल्स्कात. घर तेच, विहीर तीच.

मला हसूच आलं. तो भडकला. मग मी त्याच्या हातातला खडू घेतला आणि शेजारी आमचा ओढा काढला. अलीकडं बोरगाव खुर्द, पलीकडं बोरगाव बुद्रुक. बुद्रुक आधी वसलं, खुर्द नंतर. पण बाजार, शाळा, एसटीचा थांबा, सगळं खुर्दला. सरू बुद्रुकची. आम्ही मूळ गावचे, तुम्ही नंतरचे, हे तिनं मला मरेपर्यंत ऐकवलं... स्टॅनरावनं दोन्ही चित्रं बघितली, माझ्या छातीवर बोट ठेवलं. "यू खुर्द," म्हणाला. मग स्वतःच्या छातीवर. "मी टू खुर्द." तेव्हापासून आमची एकमेकांना हाक तीच.

गेल्या थंडीत म्हणाला, माझ्या थडग्यावर मावोपोल्स्का पाहिजे, नुसतं पोलंड नको. बार्बरा ऐकणार नाही, तू सांग.

ती खरंच ऐकेना. दगड घडवायला द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, माझ्या मुलांना पोलिश येत नाही, ती कॉम्प्युटरवर बघणार आणि 'लेसर' वाचणार. डॅडीला जन्मभर चिडवलं, आता दगडावरही तेच? पोरीचं काही चुकत नव्हतं. मी सुनेला बरोबर घेऊन तिला गॅरेजमध्ये नेलं, खडूचे गोल दाखवले. सुनेला म्हटलं, इंग्रजीत नीट सांग हिला. "बाई, कमी नाही, धाकटा. धाकटा भाऊ काय कमी असतो?"

बार्बरा आईच्या खुर्चीत बसली. वाकून गोल बघू लागली. मग तिनं विचारलं, "काका, आणि ही नदी कुठली?"

"ओढा आहे," मी म्हटलं. "माझ्या सासुरवाडीचा."

दगड बसला. मावोपोल्स्का कोरलंय. बार्बरा आता बर्फातसुद्धा गाडी बाहेर ठेवते, चाकाखाली खडू पुसला जाऊ नये म्हणून. कामावर जाताना दार माझ्यासाठी वर करून जाते. मी जातो, दोन्ही खुर्च्या उघडतो आणि सवयीनं 'खुर्द' म्हणून हाक मारतो. ओ येत नाही... तरी बसतो.