टाचण्याच्या जिभेखालचा खडा

गल्लीत त्याला सगळे टाचण्या म्हणत. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी मशीनवर खोळ चढेपर्यंत या शिंप्याच्या ओठांत टाचण्यांची रांग असे. गिऱ्हाइकाने "कपडे कधी मिळतील?" विचारलं, बायकोने "घरचे पडदे कधी शिवणार?" विचारलं, की उत्तर एकच : "अंऽ." तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कोण छेडणार? जेवणापुरत्याच त्या बाहेर निघत, आणि पाणी तर तो दुकान बंद केल्यावरच पीत असे.

एके दुपारी पहिल्याच घासाला त्याच्या उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ फुगली आणि जेवण उरकल्यावर हळूहळू ओसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाचण्याला घाम फुटला. टाचणीच गेली असणार आत. 'जन्मभर लोकांना हलू नका, टोचेल, म्हणत आलो,' तो स्वतःशीच म्हणाला, 'आणि टोचून घेतलं आपण. तेही आतून. काय हा कारागीर!'

डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली बोट घालून चाचपलं, फोटो काढून पाहिला आणि त्या हसल्या. "टाचणी नाही, खडा आहे. लाळेच्या नळीत अडकलाय. दिवसाला पाणी किती पिता?"

"अंऽ," टाचण्या म्हणाला. तोंड रिकामं होतं, पण सवय कुठे जाते?

"खडा बारीक आहे, नळीच्या तोंडाशी आलाय. भरपूर पाणी प्या. लिंबाची फोड चोखा, म्हणजे लाळ सुटेल. बाहेरून शेक घ्या आणि जबड्याखाली मागून पुढे चोळा. ताप आला, दुखणं वाढलं, तर लगेच या. नाहीतर पुढच्या आठवड्यात बघू. नाहीच निघाला तर जरासा छेद देऊन काढू."

छेद म्हणताच टाचण्याचा जीव कात्रीत सापडला. एकेक टाचणी ओठांबाहेर सरकवायची ती जिभेनेच. "बाई, जीभ बधिर तर होणार नाही ना?"

"सहसा नाही होत."

सहसा! "कापड सहसा आटत नाही," असं तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगे. त्या शब्दाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक?

घरी आल्यावर त्याने लिंबं चोखली, तांबे रिचवले आणि अंगठा रोवून जबडा असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. खडा जागचा हलला नाही. बायको बघतच राहिली.

"अहो, खडा काढताय की इस्त्री करताय? नेफ्यात नाडीची पिन अडकली तर अशीच दाबता का?"

टाचण्याचा अंगठा थबकला. अडकलेल्या पिनेवर जोर करायचा नसतो. मागून बोट लावायचं, पुढची वाट मोकळी ठेवायची आणि हलकेच सरकवायचं. उभा जन्म नाड्या ओवण्यात गेला, आणि हे बायकोने सांगावं!

मग रोज तो मशीनपाशी बसून तसंच करू लागला. तोंडात लिंबू, गालावर ऊन फडकं, बोटं मागून पुढे. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी सकाळी जिभेखाली काहीतरी टचकन् सुटलं, खारट लाळेने तोंड भरलं आणि एक कण जिभेवर आला. जिभेने तो टाचणीसारखा ओठांवर आणला, बोटांनी तो धरला, आणि डबा घेऊन आलेल्या बायकोला दाखवायला वळताच तो निसटून खाली चिंध्यांत पडला.

टाचण्या लगेच गुडघ्यांवर बसला आणि टाचण्या वेचायचं लोहचुंबक जमिनीवर फिरवू लागला.

"लोखंडाचा आहे का तो?" बायकोने विचारलं. टाचण्याने चुंबकाकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला. शेवटी तिलाच तो एका काळ्या चिंधीवर दिसला. तांदळाच्या कणीएवढा. टाचण्या गल्लीभर तो कोटाच्या बटणाएवढा असल्याचं सांगून आला होता.

डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं. लाळ झुळझुळ आली. "नळी मोकळी झाली. छेदाची गरज नाही. पाणी मात्र सोडू नका, आणि टाचण्या आता तोंडात नकोत."

दुकानात परतल्यावर बायकोने स्वतः शिवलेली, भुसा भरलेली टाचण्यांची उशी त्याच्या पुढ्यात ठेवली. मग शेजारी स्टूल ओढून ती निवांत बसली.

"आता तोंड मोकळं आहे. बोला, पडदे कधी?"

टाचण्याने उशीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग लिंबाची मोठी फोड उचलून तोंडात कोंबली आणि म्हणाला, "अंऽ."