पुलाअलीकडचे कोल्हे

“एवढा एक कोल्हा मारतो अन् उठतो, मालक.”

हे वाक्य मी दोन वर्षं रोज ऐकलं. सर काही उठत नसत.

लातुरात क्लासच्या गल्लीत माझं चार कॉम्प्युटरांचं दुकान होतं. त्यातले दोन बंद, तरी ‘मालक’ म्हटलं की मी फुगायचो. सर समोरच्या क्लासात फिजिक्स शिकवायचे; एकच धडा, दिवसात पाच बॅच. दुपारी सुटले की माझ्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळत बसत. खेळातला गडी तलवार घेऊन एका खेड्याच्या वेशीवर उभा. कोल्हा यायचा, सर मारायचे, सहा गुण मिळायचे. पुन्हा कोल्हा. राक्षस, किल्ले, सगळी गंमत पुढच्या पुलापलीकडे होती. सर तिकडे फिरकत नसत.

“सर, दिवसभर पोरांकडून घोटून घेता, ते कमी पडतं? यात मजा काय?”

“हाय की. काल सहा मिळाले, आज बी सहाच. एवढं भरवशाचं दुसरं काय हाय, सांगा बरं?”

मग ते गड्याला गावात नेत. विहिरीवर एक म्हातारी होती, ती रोज तेच इंग्रजी वाक्य बोलायची. सर रोज ते शेवटपर्यंत वाचत. एकेका घरात डोकावून परत वेशीवर. तुम्हीही हसला असता. मी तर गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो.

सर किल्लारीकडचे. भूकंपाबद्दल एकदाच बोलले. “मी हितं लातुरात पेपर तपासाया राहिलतो. सकाळी गेलो, तर गाव न्हाई.”

“पण आता पक्की घरं मिळाली ना सगळ्यांना?” मी शहाणा.

“सगळ्यांना?” म्हणाले, आणि कोल्हा मारला.

पुढे क्लासच्या नव्या शाखेवर ते आठवडाभर निलंग्याला गेले, आणि मला उपकाराची हुक्की आली. एवढा तगडा गडी, सरांना राक्षसाची भीती वाटत असणार! मीच त्याला पुलापार नेलं. पडदा थरथरायला लागला. वायर ढिली असेल म्हणून मी मॉनिटरला दोन थापा मारल्या. गड्याला मागे वळवलं, तर खेड्याच्या जागी दगडांचा ढीग. तेवढ्यात कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजी प्रश्नाला ‘यस’ म्हणायची माझी जुनी सवय. आधीचा जपलेला खेळ पुसला गेला, दगडांचा ढीग तेवढा राहिला.

सर आले, बसले. गड्याला दगडांतून विहिरीपाशी नेलं. बटण दाबलं. म्हातारीचं वाक्य आलं नाही. पुन्हा दाबलं.

“म्हातारी काय म्हणायची, ठाऊक हाय?”

“नाही, सर.”

“तू हितं हाईस तवर आमाला काय होत न्हाई, म्हणायची.” त्यांनी चष्मा पुसला. “राग न्हाई, मालक. मी बी एकदा असाच गाव सोडून गेलतो.”

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. क्लासवाले म्हणाले, नांदेडला गेले. नांदेडच्या शाखेत फोन केला. तिथले म्हणाले, इकडे कोणी आलंच नाही.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मी तो खेळ पहिल्यापासून मांडलाय. वर कागद चिकटवलाय : ‘पूल ओलांडू नये’. पोरं हसतात. हसू देत. दुपारी मीच बसतो, कोल्हे मारत. कधी रस्त्यावरून उसाचा ट्रक जातो आणि टेबल हलतं. तेव्हा मी समोरचा कोल्हा तसाच सोडून आधी विहिरीकडे पळतो.