दोन मांजरी, एक ताटली

पिल्लू मी आणलं ते आमच्या जुन्या गावातून. गोसीखुर्द धरणाचं पाणी तेव्हा गावाच्या वेशीपर्यंत आलं होतं आणि मी पत्रकासाठी पडक्या घरांचे फोटो काढायला गेले होते. एका भिंतीच्या आडोशाला ते एकटंच ओरडत होतं. झोळीत टाकलं आणि बसने घरी आणलं. वाटेत मजकूरही तयार झाला: गावातली शेवटची विस्थापित. तेव्हा मला असंच सुचायचं. काहीही दिसलं की त्याची घोषणा व्हायची.

पुनर्वसनाच्या घरात मी आणि माय दोघीच. खरं म्हणजे माय आणि तिची भुरी मांजर, कारण मी कायम मोर्चात, बैठकीत, नाहीतर तहसीलच्या पायऱ्यांवर. माय तिच्याशी बोलायची. भात उतू गेला ते, कंबर दुखते ते, पोरगी अजून आली नाही ते. ती मांजर जुन्या गावातून पोत्यात बसून आमच्याबरोबर आली होती. मायला सोबत म्हणून तेवढीच उरली होती.

पिल्लू पाहून माय म्हणाली, "काहून आणलं व? बरं, आणलं तं तुया खोलीत ठेव. हिले थोडे दिवस नुसता वास येऊ दे त्याचा."

"म्हणजे वेगळी वस्ती करायची? आपल्याच घरात?"

"बापा, मांजरी आहेत त्या."

मला ऐकायचंच नव्हतं. आमच्या गटात एक रीत आहे. कुठल्याही गावी बैठक असली की आधी सगळ्या जातींच्या लोकांनी एका पंगतीत जेवायचं, मग बोलायचं. जो उठून जाईल त्याला मी तोंडावर विचारते, का उठलात म्हणून. त्या रीतीवर माझा जीव आहे. पण ती मी मांजरींना लावली. त्याच संध्याकाळी गटातली मंडळी अंगणात चहाला बसली होती. मी मधोमध एक ताटली मांडली, दूधभात वाढला, पिल्लाला बसवलं. मायची मांजर उंबऱ्यावरूनच गुरगुरली.

"ताई, जुन्या सभासदाचा विरोध दिसून राहिला," एक जण म्हणाला.

"सरंजामदारीण आहे ती," मी म्हणाले.

सगळे हसले आणि मला चेव आला. मी तिला उचललं, मानेला धरून तिचं तोंड ताटलीत टेकवलं. "सोड तिले," म्हणत माय धावत आली आणि तिने मध्ये हात घातला. मांजर सुटली ती मायच्या हातावरूनच. मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताच्या रेघा. ताटली उलटी, पिल्लू बाजेखाली. मांजर कुंपणावरून शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरली.

माय रागावली नाही. हळद लावली, वर चिंधी बांधली आणि पाहुण्यांना चहा दिला. मी पाहुण्यांना म्हणाले, "होईल सवय." नखांपेक्षा माझं ते वाक्य वाईट होतं.

मांजर परत आली नाही. आता त्या शेजाऱ्यांचं सांगायला हवं. पुनर्वसनात घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, म्हणून जुन्या गावात लांब असलेलं एक घर आमच्या कुंपणाला लागून आलं. माय नवी नवरी असताना त्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला मजुरीने गेली होती. पाणी मागितलं तर त्यांनी वरून ओंजळीत ओतलं. ह्या दारात पुन्हा काही मागायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं आणि पाळलं. मला हे ठाऊक होतं. कुणाची गोष्ट ते न सांगता मी ती भाषणात वापरलीसुद्धा होती, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

पुढे एका सकाळी मी दात घासत होते. पाहते तर माय वाटी घेऊन त्या कुंपणाशी उभी. पलीकडे म्हातारी शेण काढत होती.

"आमची मांजर तुमच्या गोठ्यात आहे," माय म्हणाली. "एवढा भात ठेवता का तिले?"

"ठेवतो ना. पण आत या ना बाई, तुमीच ठेवा."

"नाही. इथूनच घ्या."

म्हातारीने पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली. तिचं काही चुकलं नाही. पण माय मागत होती, चिंधी बांधलेल्या हाताने. पुढे व्हावं, वाटी आपण द्यावी, एवढंही माझ्याने झालं नाही. मोर्चात बॅनर धरून पुढे चालणारी मी न्हाणीच्या भिंतीमागे सरकले.

त्या दिवशी बैठकीला गेले नाही. पिल्लू माझ्या खोलीत नेलं, तिथेच त्याचं खाणं ठेवलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन मी स्वतः गोठ्यात गेले. मला बघताच मांजर गोठ्याच्या आढ्यावर चढली आणि खाली उतरेचना.

"राहू दे," माय म्हणाली. "तुया हातचं नाही खात ते आता."

म्हणून रोज मायच जात राहिली. कधी आत गेली नाही. कुंपणाशी उभी राहायची, म्हातारी येईपर्यंत.

मग एका दुपारी मांजर मागच्या दाराने आली आणि चुलीपाशी मायच्या पायाला अंग घासू लागली. मी दारात उभी होते. मला पाहून तिने कान मागे पाडले.

"तू थोडी बाहेर हो," माय म्हणाली.

मी बाहेर झाले. आतून ताटली सरकवल्याचा आवाज आला, मग मायचा, हळू.

"रोज उभी राह्यली व मी त्यांच्या दारात तुयासाठी. मले नाही जमत. आता नको जाऊ."

हे तिने मला एकदाही म्हटलं नव्हतं.