पाताळबाईचे दगड

खाणीवर तिला सगळे पाताळबाई म्हणत. बोअर मारणाऱ्यांनी चेष्टेत ठेवलेलं नाव, पण तिला ते आवडलं आणि तेच चिकटलं. कोळसा शोधायला कंपनी जमिनीत खोल भोकं पाडायची. त्यांतून मुसळासारख्या गोल दगडी कांड्या वर यायच्या. त्या निघतील त्याच क्रमानं कप्पे पाडलेल्या लाकडी खोक्यांत मांडायच्या, खोक्यावर खोली रंगवायची आणि पत्र्याच्या शेडमध्ये रचायच्या, हे तिचं काम. तिचा बाप बोअरवरच राबला. तो गेल्यावर ती इथं लागली, ती केस पांढरे झाले तरी इथंच.

एका भोकाची खोकी ओळीनं उघडली की आधी पिवळी माती दिसे, मग जाड रव्याचा वाळूचा दगड, मग पापुद्रे सुटणारा करडा दगड. त्याच्या पापुद्र्यांत कुठंकुठं पानांचे ठसे असत, शिरांसकट. त्याखाली कोळसा. आणि कोळशाच्या बुडाशी मऊ राखाडी चिकणमाती, जिच्यात त्या जुन्या झाडांची मुळं अजून काळ्या दोऱ्यांसारखी अडकलेली. शेडबाहेर मात्र खाणीनं सगळी उलथापालथ करून टाकली होती. कोळशावरचं जे काही निघे ते डंपर ढिगाऱ्यांवर ओतत. वरचं खाली, खालचं वर, कशाचा कशाला मेळ नाही.

नवे साहेब आले आणि त्यांना ती शेड मशीनसाठी हवी झाली.

"सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये आहे," ते म्हणाले. "हे दगड रस्त्याच्या खड्ड्यांत टाका."

"माहिती असेल साहेब. पण दगड परत कुठून आणणार? ज्या जमिनीतून काढले ती बहुतेक आता जाग्यावर नाही."

"खाणीवर दगडांचा दुष्काळ पडलाय का?"

आजूबाजूचे हसले. ती हसली नाही. "मी हात लावणार नाही," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या सकाळी ट्रक आला. चालवत होता तिचाच धाकटा भाऊ. साहेबांना नातं ठाऊक नव्हतं, आणि भावाची सांगायची हिंमत झाली नव्हती. ताई शेडच्या दारातच खोक्यावर बसलेली पाहून त्यानं इंजिन बंद केलं.

"ताई, ऊठ ना. माझ्या पोटावर पाय येईल."

"येऊ दे ट्रक आत. भरू आपण."

त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. "आणि रिकामा आपल्या दारात करायचा," ती म्हणाली.

"कोणी विचारलं तर काय सांगू?"

"ताईनं सांगितलं म्हणून सांग."

"लहानपणापासून तेच सांगत आलोय," तो पुटपुटला, पण खोकी उचलायला लागला.

दोन भोकांची खोकी बसली. बाकीची दुसऱ्या ट्रकनं रस्त्यावर नेली. संध्याकाळी घरी येताना पानाचा ठसा असलेली एक कांडी चाकाखाली चुरा झालेली तिनं पाहिली. ती खाली वाकली, पण चुरा उचलण्यासारखा उरला नव्हता.

घरी भावजय कमरेवर हात ठेवून उभी. "वन्सं, माणसांनी झोपायचं कुठं?"

"बाहेर मांडते. तू फक्त दार मोकळं ठेव."

तिनं गल्लीच्या भिंतीकडेला एक भोक उलगडलं, मातीपासून बुडाच्या चिकणमातीपर्यंत. हे भोक गल्लीमागच्या मैदानातच मारलेलं होतं. शेजारची म्हातारी काठी टेकत ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि कोळशापाशी थांबली. कोळशाचीच कितीतरी खोकी होती.

"हे आपल्या घराखालचं?"

"हो, मावशी. आज ना उद्या ह्याच्यासाठी आपल्याला उठवायला येतील."

अंधार पडायच्या आत गल्लीतलं प्रत्येक माणूस ती ओळ चालून गेलं.

ही बातमी साहेबांपर्यंत पोचली. कंपनीचा ट्रक दगड न्यायला आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी स्कूटर आडव्या लावलेल्या होत्या. चाव्या कोणाकडे, हे कोणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हर थोडा वेळ थांबून निघून गेला. मग साहेब स्वतः चालत आले.

"ही चोरी आहे, बाई."

"फेकलेलं उचललं, साहेब. शेड रिकामी करून दिली ना?"

"माफी लिहून द्या. विषय इथंच मिटवू."

"चूक केली असती तर तुम्ही यायच्या आधीच मागितली असती."

साहेबांनी कोळशाच्या खोक्यांकडे पाहिलं, मग दारादारात उभ्या असलेल्या माणसांकडे. "किती दिवस सांभाळणार हे?"

"तुमची बदली होईपर्यंत तरी."

कोणीतरी खुसकन हसलं. साहेब आले तसे परत गेले.

तिला भंगाराच्या गोदामात टाकलं. नातं उघड झालं तसं भावाला पाण्याच्या टँकरवर बसवलं, आणि पुढं कित्येक दिवस तो बहिणीशी सरळ बोलला नाही. गोदामात गंजलेल्या पट्ट्यांशिवाय काही नव्हतं. तरी ती वेळेवर जायची, साहेबांच्या खोलीवरून मुद्दाम जायची, आणि मान ताठ ठेवून नमस्कार करायची. नमस्कार घ्यावा की न घ्यावा हे साहेबांना कधी ठरवता आलं नाही.

दगड अजून गल्लीत आहेत. कोळसा हवेनं भुगा व्हायला लागला, तसा तिनं तो जुन्या साडीच्या पट्ट्यांनी कांडी-कांडी करून बांधला. आता मोजणीवाले मैदानात खुंट्या ठोकायला आले की गल्लीतली माणसं त्यांना आधी भिंतीपाशी नेतात आणि म्हणतात, "आमच्या घराखाली काय आहे, ते आम्हाला ठाऊक आहे."