परुळेकरबाईंचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. पण आधी परुळेकरबाईंबद्दल बोलू दे. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला बरं वाटतं — थोडा वेळ.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला विजेच्या तक्रारी घेणाऱ्या एका ऑफिसात मी नवीन लागले होते. दिवे गेले की लोक फोन करायचे आणि तो फोन परुळेकरबाई उचलायच्या. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत. आवाज किंचित घोगरा, शेवटचा शब्द लांबवायची सवय. मे महिन्यात पंखे बंद पडले की लोक काय काय बोलायचे! एकदा एकजण इतका ओरडला, की रिसीव्हरमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तुमच्या ऑफिसात काय सगळी गाढवं भरलीत?"

"सगळी नाही हो, काही रजेवर आहेत," बाई म्हणाल्या. "मी आहे ड्युटीवर. बोला."

तो माणूस हसला आणि पत्ता नीट सांगायला लागला.

अशा होत्या त्या. खांबावर चढणाऱ्या वायरमनलाही "अहो शिंदे, तुम्ही चढता म्हणून आम्ही इथे ऐटीत बसतो," असं म्हणायच्या. झाडूवालीला अहो, साहेबांनाही अहो, दोन्ही अहो एकाच वजनाचे. थट्टा करायच्या, पण ती नेहमी स्वतःची. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, "समोरच्याच्या घरात काळोख आहे गं. त्याची कसली थट्टा करायची?"

हे वाक्य मी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मला नकला छान यायच्या. परुळेकरबाईंची तर हुबेहूब — घोगरेपणा, लांबवलेला शब्द, सगळं. त्या जेवायला आत गेल्या की सगळे म्हणायचे, "चित्रा, कर ना बाईंची!" आणि मी करायचे. यात वाईट काय होतं? कौतुकच होतं — निदान तेव्हा तसं वाटायचं.

एका दुपारी बाई आत डबा खात होत्या. फोन वाजला. मी उचलला. भांडुपचे एक म्हातारे गृहस्थ होते. आदल्या दिवसापासून दिवे नव्हते, बायकोला दमा, खोलीत हवा नाही. त्यांनी आवाज ऐकण्याआधीच विचारलं, "परुळेकरबाय काय?" त्यांचं आणि बाईंचं बोलणं नेहमी मालवणीत व्हायचं, हे मला ठाऊक होतं. माझ्या टेबलाभोवती सगळे जमलेले. कुणीतरी डोळ्यांनी खुणावलं.

मी बाईंच्या आवाजात "होय" म्हटलं. त्यांनी घरची सगळी अडचण सांगितली. आणि मग — कसं सांगू? — मी म्हटलं, "आजोबानू, काळोखाची सवय करून घेवा. फुडे उपेगाक पडतली."

सगळे खो खो हसले. ते हसू पलीकडे ऐकू गेलंच असणार.

म्हातारे हळूच म्हणाले, "बाय, तू अशी कधी बोलाक नाय." आणि फोन ठेवला.

तक्रार मी लिहून घेतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "परुळेकरबाई कोण?" त्या उभ्या राहिल्या. त्याने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. रात्री आईला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. साहेब केबिनमधून बाहेर आले.

बाईंनी एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. 'मी तेव्हा जेवत होते' एवढं म्हटलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. मला तर त्याहूनही कमी म्हणावं लागलं असतं — 'मी.' एक अक्षर! माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, म्हणून? की सगळ्यांसमोर लाज वाटली, म्हणून? हसलेल्या सगळ्यांसारखीच मीही टेबलाकडे बघत राहिले.

"माझ्या नावानं बोललं गेलंय," बाई म्हणाल्या. "तेव्हा माफी मीच मागते. आई कशा आहेत आता?"

मुलाचा आवाज एकदम खाली आला. "बऱ्या आहेत," म्हणाला. संध्याकाळी बाई भांडुपला त्यांच्या घरी जाऊन आल्या. तिथे काय बोलल्या, कुणालाच कळलं नाही.

साहेबांनी त्यांना फोनवरून काढलं आणि मागच्या खोलीत बिलांच्या कामाला बसवलं. ठरत आलेली बढती राहिली. फोन मला मिळाला. पुढे माझ्या बोलण्याची तारीफ व्हायची — चित्राबाई किती अदबीनं बोलतात, रागावलेल्या माणसाला कशा हसवतात! ती प्रत्येक लकब बाईंची होती. मी ती तारीफ घेतली.

त्यांना कळलं होतं का? नकला करणारी ऑफिसात मी एकटीच. अख्ख्या ऑफिसात त्या फक्त मला 'अगं चित्रा' म्हणायच्या. त्या दिवसापासून मीही 'अहो चित्राताई' झाले. आवाज तितकाच मऊ, चौकशी तितकीच आपुलकीची. रागाचा एक शब्द नाही. तो 'अहो' मी त्या निवृत्त होईपर्यंत रोज ऐकला.

निरोपाच्या दिवशी त्यांच्याबद्दल बोलायला मलाच उभं केलं. मी खूप छान बोलले. त्यांनी हात जोडले, म्हणाल्या, "एवढी चांगली मी असते, तर मलाच माझी ओळख करून घ्यावीशी वाटली असती." सगळे पोट धरून हसले.

मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. चहा आला, वेफर्स आले. बाजूला दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी चहा घेतला. मी त्यांना विचारलं, गावी कधी जाणार? त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात.