सात सीटांत मी

अकोल्याच्या माझ्या मेव्हण्याला फोनवर माझा आवाज आवडत नाही. मी उचलला की तो "द्या" एवढंच म्हणतो. कुणाला द्या, ते मी समजून घ्यायचं. त्या दिवशीही तेच झालं. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि गुळाच्या ढेपा रचायला परत दुकानात आलो. थोड्या वेळानं ती जिना उतरली ती हसतच.

"भाऊ गाडी घेऊन राह्यला. इलेक्ट्रिक. तीन लायनीची, सात सीटची. म्हणते, आता सारं घर एका गाडीत."

आणि तिनं बोटांवर मोजलं. भाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं, आई, मी, तुम्ही.

सातवा मी. मला शंका आली, पण तिचं तोंड बघून मीही हसलो.

शंकेला कारण होतं. मी मूळचा कोल्हापूरच्या खालच्या अंगाचा. नववीत शाळा सोडली, गुळाच्या ट्रकबरोबर अमरावतीला आलो आणि राजापेठेत मामींच्या घराच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहिलो. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. इकडं सासूला मामीच म्हणतात. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. गावाकडून कुणाला येणं जमलं नाही. पिवळ्या डोळ्यांचा परका पोरगा पडलाय म्हणून शेजारचे दार लावून घेत होते, तेव्हा मामी खाली उतरून मऊ भात देऊन जायच्या. पुढं त्यांनी मुलगी दिली, खालच्या खोलीत दुकान टाकू दिलं. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

मेव्हण्यानं मात्र ते लग्न कधी पचवलं नाही. न शिकलेला, घाटावरचा, शिवाय आमच्याच घरात राहणारा. त्याच्या मनात हे आहे, हे मी ओळखून होतो, कारण तो ते बोलूनही दाखवायचा. मलाही तो आवडत नाही. हिवरखेडला मामींच्या माहेरी लग्न निघालं की हा जुनी गाडी घेऊन यायचा, मामींना आणि बायकोला बसवायचा आणि काच खाली करून मला सांगायचा, "जवाईबापू, तुमी एसटीनं या. जागा नाही." पिशव्यांना जागा नसायचीच, त्या माझ्याकडं. मी मांडवात पोचेपर्यंत पहिली पंगत उठलेली असायची आणि कुणीतरी विचारायचं, तुमी कोणाकडचे.

म्हणून त्या नव्या गाडीबद्दल मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सातात मी आहे की नाही. बॅटरी किती चालते, चार्ज कुठं करायची, ते त्याचं त्यानं बघावं.

गाडी पसंत करायला त्यानं आम्हा तिघांना अकोल्याला बोलावलं. जठारपेठेतल्या त्याच्या घरी वहिनींनी चहा दिला. माझ्या कपात साखर नव्हती. मला साखरेचा आजार नाही, आणि हे त्यांना चांगलं माहीत आहे. मी पिऊन टाकला. तिथून शोरूमला ते सगळे त्याच्या जुन्या गाडीनं निघाले, मी ऑटोनं.

मी पोचलो तेव्हा वहिनी एका गाडीत बसल्या होत्या आणि शोरूमचा माणूस समजावत होता, "हे सहा सीटचं मॉडेल आहे मॅडम. मधात दोन अलग खुर्च्या, हात ठेवायला जागा."

"हेच घ्या ना," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "किती ऐसपैस वाटते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. सहात मी नव्हतो.

"नाही," मेव्हणा म्हणाला. "सातच पायजे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस मला बरा वाटला. फार वेळ नाही.

"आपण चार," तो मोजू लागला. "आई पाच. अन् त्या दोघी."

"कोण दोघी?" बायकोनं विचारलं.

"महालक्ष्म्या. औंदा अकोल्याले बसवतो. आईले अन् त्यायले एकाच गाडीत नेतो. चांगल्या सीटवर बसवून, बेल्ट लावून."

गौरींना इकडं महालक्ष्म्या म्हणतात. आमच्याकडं गौर तेरड्याची, रोपांना मुखवटा बांधला की झालं. इथं ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी उभ्या असतात, पितळी मुखवटे, पत्र्याच्या कोठ्यांवर नेसवलेली लुगडी. त्या लेकाच्या घरच्या देव्या. जावयाचा त्यांच्यावर हक्क नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण माझं लग्न झाल्यापासून त्या राजापेठेतच बसतात. मांडव मी बांधतो, सोळा भाज्या मी आणतो. मुखवटे डिकीत किंवा पायाशी ठेवलेले मामींना चालत नाहीत, म्हणून त्यानं त्यांना सीटच देऊन टाकल्या. त्यात खोट काढता येत नव्हती.

शोरूमचा माणूस हसला, पण कुणीच हसत नाही हे बघून सावरला. "बेल्ट लावाच लागन सर. वजन दिसलं की गाडी वाजते."

"अन् आमी दोघं?" बायकोनं विचारलं.

"तुमी काय, अमरावतीत. यायची इच्छा असली तर या. जवाईबापूले एसटीची सवय हाय."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भाऊ, देव्यांना तरी विचारा. त्यांना तुमच्याबरोबर यायचंय का."

"तुमी मधात बोलू नका," तो म्हणाला. "गुळाचं विचारीन तवा सांगा."

मामी तोवर एका खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, सात सीटच्या गाडीपाशी आल्या. "मले मांगच्या लायनीत बसून पाहू दे."

"आई, तुले काहून मांगं? तू मधात."

"मधात मी बसली तर देव्या कुठी? बसून पाहू दे."

मधली सीट वाकवून वाट केली. पायरी उंच. खाली बॅटरी असते म्हणून आतला तळही उंच. मामी गुडघ्यांवर हात टेकत टेकत आत शिरल्या आणि बसल्या. आम्ही सगळे बाहेर उभे राहून बघत होतो.

"गुडघे छातीले लागून राह्यले," आतून आवाज आला. मग थोडं थांबून, "आता काढा मले."

एका बाजूनं मेव्हणा ओढत होता, दुसऱ्या बाजूनं शोरूमचा माणूस आधार देत होता. पदर सीटच्या खटक्यात अडकला. वहिनी "हळू ना, लुगडं फाटन" म्हणत होत्या, पण हात कुणाला लावत नव्हत्या. मामी बाहेर आल्या तेव्हा घामेजल्या होत्या. पदर सारखा केला आणि लेकाकडं वळल्या.

"मांगं देव्या बसवशीन, तर तुमी सारे त्यायच्याकडे पाठ करून बसान. थे मले चालत नाही. मधात बसवशीन, तर त्यायच्या बराबरीनं मी बसत नाही, मंग मांगं मी. मले तर उतरताच येत नाही."

"मंग समोर बस ना तू."

"अन् तुयी बायको मांगं बसन?"

वहिनी मोबाईल बघू लागल्या.

"देव्या राजापेठेतच बसतीन," मामी म्हणाल्या. "तुले गाडी घ्यायची तर घे."

हे त्यांनी माझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. त्यांचे गुडघे खरंच दुखतात. परतीच्या एसटीत त्या झोपल्या. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा बायको खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "तुमचं सोडा. त्यानं मलेही मोजलं नाही."

महालक्ष्म्यांना तो आला तो नव्या गाडीनंच. सात सीटची, पांढरी. दाराशी लावून पहिलं काय केलं तर माझ्या दुकानातला बटणांचा बोर्ड तपासला.

"पॉइंट बरोबर हाय ना? गाडी जळली-गिळली तर?"

"तर माझं दुकानही जळेल," मी म्हणालो आणि चार्जिंगची वायर खिडकीतून बाहेर दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली तशी मामींनी लेकाला सांगितलं, गाडीत एक चक्कर मारून आण. सारेच चला. आणि त्या पुढच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडेपर्यंत हलल्या नाहीत. वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं, मग लेकरांना घेऊन मधे बसल्या.

"जवाईबापू थांबतीन," मेव्हणा म्हणाला. "देव्यांजवळ कोणी पायजे."

"शेजारीण बसली हाय," मामी आतून म्हणाल्या. "त्यायले येऊ दे. मले उतराले हात लागते."

मी आणि बायको तिसऱ्या रांगेत शिरलो. मामींचं खरं होतं, गुडघे छातीला लागतात. गाडीला आवाज नाही. राजापेठेतल्या गर्दीत समोरची दुचाकी हटत नव्हती, मेव्हणा हॉर्न दाबत होता. लेकरांची डोकी, वहिनींचा अंबाडा आणि त्याच्या पलीकडं आरशात त्याचे डोळे, एवढंच मला दिसत होतं. आरशात त्यालाही मीच दिसत असणार.

घरी आल्यावर लेकरं उड्या मारून उतरली. वहिनी उतरल्या आणि दार लावून घेतलं. मामी दाराला धरून, माझ्या हाताशिवायच उतरल्या. मेव्हणा किल्ली घेऊन फाटकाकडं निघाला. मधली सीट वाकवायचा खटका मला सापडेना. बायकोनं काचेवर टकटक केलं.

"अरे, मांगचे माणसं राह्यले," मामी फाटकातून म्हणाल्या. "काढ त्यायले."

तो परत आला. दार उघडलं, खटका ओढला, सीट पुढं पडली. बायको उतरली. मग मी. पायरी उंच होती आणि धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, सगळा भार दिला. त्याला तसंच उभं राहावं लागलं.

"उतरा लवकर," तो म्हणाला.

मी सावकाश उतरलो.