नाव सांगा आणि नाव घ्या

माझी नोकरी सांगितली की लोक आधी हसतात आणि मग हळूच पत्ता विचारतात. मी डोंबिवलीत मेंदूच्या व्यायामशाळेत शिकवते. पाटीवर 'ब्रेन फिटनेस सेंटर' असं लिहिलेलं आहे, पण आमच्याकडे येणारे आजोबा त्याला तालीम म्हणतात. "मॅडम, आज तालमीला उशीर झाला हो, रिक्षाच मिळेना," असं म्हणत आत येतात, चप्पल काढतात आणि शब्दकोड्यांवर दंड-बैठका मारल्यासारखे तुटून पडतात.

आमचे सर पूर्वी घरोघर पाण्याची फिल्टर मशीन विकायचे. मग त्यांनी साडीच्या दुकानावरची जागा भाड्याने घेऊन मुलांसाठी अबॅकसचे वर्ग काढले. नातवंडांना सोडायला आलेले आजी-आजोबा बाहेरच्या बाकावर बसून जांभया देतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या जांभयांमध्ये सरांना नवा धंदा दिसला. आता मुलांचे वर्ग शनिवार-रविवारी असतात आणि मोठ्यांचे आठवडाभर. मणी तेच, टेबलं तीच, फक्त खुर्च्यांवर उशा आल्या.

कोडी सोडवून मेंदू किती तरुण होतो, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. सरांना येतं, त्यांनी फिल्टर विकलेले आहेत. पण आमच्याकडच्या एक बाई सत्तरी ओलांडल्यावर डाव्या हाताने सही करायला शिकल्या आणि तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला, हे मी पाहिलंय. माणूस काहीतरी नवं शिकला की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघायला मी रोज जिने चढते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दादाने दहावीनंतर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काम धरलं, म्हणून मला मुरबाडहून कल्याणच्या कॉलेजात जाता आलं. मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावात सांगितलं की पोरगी माणसांचं शास्त्र शिकतेय. मला ते नाव खऱ्या नावापेक्षा जास्त आवडतं.

तर या तालमीत एके दिवशी माझी आईच परीक्षेला बसली.

झालं होतं असं. आई-आप्पा आता आंबिवलीला दादा-वहिनीकडे असतात. गेल्या काही महिन्यांत आईच्या हातून दूध दोनदा करपलं, एकदा तर गॅस चालू ठेवून ती शेजारी गप्पा मारायला गेली. घरात दादाचं लहान बाळ रांगतं. वहिनी घाबरली आणि तिची भीती काही खोटी नव्हती. तिने विजेची शेगडी आणायचं ठरवलं, आपोआप बंद होणारी. गॅसला फक्त तिने हात लावायचा, आईने शेगडी वापरायची.

आईने एकच प्रश्न विचारला. "त्या शेगडीवर भाकरी फुगते का?"

"आई, तव्यावर होते की," वहिनी म्हणाली.

"तव्यावर होते. फुगते का, ते विचारलं मी."

जाळावर टाकलेली भाकरी टम्म फुगली की आई दर वेळी "आली बघ!" असं म्हणते, जणू कोणी पाहुणीच आली. वयाच्या नवव्या वर्षापासून ती हे करत आली आहे. तिचा गॅस जाणं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं की आमच्या सेंटरवर स्मरणशक्तीची तपासणी होते, ती करू. ठीक निघाली तर गॅस आईकडे राहील. नाही निघाली तर वहिनी म्हणेल तसं.

मला वाटलेलं आई चिडेल. ती खूश झाली! चौथीनंतर शाळा सुटलेली. परीक्षा अशी तिने कधी दिलीच नव्हती म्हणे. त्या दिवशी ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. निघताना आप्पांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली होती. पिशवीत चिवड्याचा डबा होता. "परीक्षा घेणारीला," ती म्हणाली, "म्हंजे जरा सोपं विचारंल."

घरच्या माणसाची तपासणी मी घ्यायची नाही, असा नियम. त्यामुळे माझी सहकारी बसली. ती ठाण्याची, नुकतीच एमए झालेली, फार गोड मुलगी. मी खोलीच्या कोपऱ्यात स्टूलवर बसले, तोंड न उघडायच्या अटीवर. बाहेर बाकावर आप्पा आणि बाळाला शेजारणीकडे ठेवून आलेली वहिनी. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे आतलं अक्षर न् अक्षर बाहेर ऐकू जातं.

"काकू, मी पाच शब्द सांगते. ते लक्षात ठेवा, शेवटी परत विचारीन. होडी, चष्मा, लिंबू, घड्याळ, निळा."

आईने पाचही शब्द तोंडातल्या तोंडात घोळवले, विड्यासारखे.

"आज तारीख काय?"

"तारीख नाय बघितली. तिथी सांगू? वद्य पंचमी."

सहकारीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, आता एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा."

"कोणाकडचे?"

"अं... कोणाकडचेही."

आई सुटली. "आमची म्हस. चांदी कपाळाची म्हस. सरपंचांची मारकी म्हस. त्या मारकीची रेडी—"

"काकू, काकू, म्हैस एकच धरतात."

"एकच कशी? ती मारकी आन् आमची एक होय?"

मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. पलीकडून आप्पांचं खोकणं ऐकू आलं. ते हसू दाबताना असेच खोकतात. सगळं छान चाललं होतं. मग घरच्यांच्या नावांचा भाग आला. सरांनीच बनवलेला तो तक्ता. मुलाचं नाव, मुलीचं, सुनेचं, नातवाचं, आई एकामागून एक धडाधड सांगत गेली.

"पतीचं नाव सांगा."

आई गप्प.

सहकारीला वाटलं ऐकू आलं नसेल. "काकू, तुमच्या मिस्टरांचं नाव?"

आईने प्लायवूडकडे पाहिलं. मग स्वतःच्या बांगड्यांकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असंच?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं. "नुसतंच?"

"हो, नुसतंच. फक्त नाव सांगा."

आईने मान खाली घातली. घड्याळाचा काटा फिरत राहिला. पलीकडचं खोकणं थांबलं. आणि त्यानंतर आई जी बिचकली ती बिचकलीच. शेवटी ते पाच शब्द विचारले तेव्हा तिने नुसती मान हलवली. सहकारी ज्यावर उत्तरं नोंदवत होती, त्या टॅबलेटने लगेच हिशेब करून लाल पट्टी दाखवली: स्मृतिऱ्हास तीव्र. त्याखाली आपोआप येणारी ओळ आली, की आमचं सुवर्ण पॅकेज आजच घ्या.

मी बाहेर आले तर वहिनीच्या डोळ्यांत पाणी. आप्पा फिल्टरपाशी उभे राहून ग्लासामागून ग्लास पाणी पीत होते. "बाकी काय पण विसरली असती," ते म्हणाले, "तर मी काय म्हटलं नसतं. माझंच नाव?"

"आप्पा, बसा ना," वहिनी म्हणाली.

"बसतो. पण माझंच?"

परीक्षा संपली होती, आता मला तोंड उघडायची परवानगी होती. मी आत गेले, आईसमोर वाकले आणि हळूच विचारलं, "आई, आप्पांचं नाव खरंच आठवलं नाही तुला?"

आईने असा चेहरा केला की जणू मी भर बाजारात काहीतरी वेडंवाकडं बोलले. "आठवायला काय झालंय? पण ते पलीकडं बसल्यात ना! असं तोंडावर सांगतात होय नाव? म्हसोबाला कोंबडं कापायचं असल्यासारखं ती 'सांगा, सांगा' करते. नाव हवं होतं तर 'घ्या' म्हणायचं!"

सहकारीने पेन खाली ठेवलं. तिच्या घरी आई-बाबा एकमेकांना नावाने हाक मारतात. 'सांगा' आणि 'घ्या' यांच्यात एवढी दरी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि मी? मी त्या घरात वाढले, आईच्या तोंडून आप्पांचं नाव आजवर फक्त लग्नात आणि हळदीकुंकवातच ऐकलं, तरी माझ्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. मला हसू फुटलं, ते थांबेना. सहकारी हसायला लागली. आई म्हणाली, "हसता काय, नापास झाले ना मी?" आणि मग तीही.

सहकारी सावरून बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवून, हळदीकुंकवाला आल्यासारखी लाघवी आवाजात म्हणाली, "काकू, नाव घ्या ना."

आईने पदर सारखा केला. घसा साफ केला. पलीकडे ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने सुरू केलं:

"निळ्या पाण्यात होडी, होडीत लिंबांची गोणी,
चष्मा लावून शोधतात, माझ्यासारखी आहे का कोणी;
...रावांचं नाव घेते परीक्षेच्या ठिकाणी!"

टिंबांच्या जागचं नाव मी इथे लिहीत नाही. नुसतं लिहिलेलं तिला आवडायचं नाही.

मग सहकारी किंचाळली. "निळा! होडी! लिंबू! चष्मा! ताई, चार शब्द आलेत यात, चार!" ती खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. दार उघडून आप्पा आत आले, मागून वहिनी, वहिनीच्या मागून आरडाओरडा ऐकून सर.

"अजून एक होता ना?" आई म्हणाली. "पाचवा. तो नाय आठवत. कढई?"

"घड्याळ, काकू."

"घड्याळ व्हय! ते समोर भिंतीवरच लावलंय. ते कशाला लक्षात ठेवायचं?"

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. मग मला म्हणाले, "हिला म्हणावं, जरा परत घे. मी तिकडं होतो, नीट ऐकू नाय आलं."

"सगळं ऐकलंय त्यांनी!" आई म्हणाली.

टॅबलेटमध्ये उत्तर बदलता येत नव्हतं. सहकारीने निकालाचा कागद छापला, त्यावरच्या लाल पट्टीवर काट मारली आणि खाली हाताने लिहिलं: वयाच्या मानाने बरं, एकदा डॉक्टरांना दाखवावं. पुढे आम्ही दाखवलंही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कान तपासायला सांगितले आणि चार महिन्यांनी परत बोलावलंय. आई थोडं विसरते, ते खरंच आहे. ते मी लपवत नाही. पण 'थोडं' आणि 'तीव्र' यांच्यामध्ये एक अख्खं स्वयंपाकघर मावतं.

सरांना मात्र तिथल्या तिथे नवं वारं लागलं. "बुधवार दुपार," ते म्हणाले, "'नाव घ्या' बॅच! मॅडम, हे आपल्याशिवाय कोणाकडे नाही!" आता बुधवारी खुर्च्या कमी पडतात. बायका आठवड्याचे शब्द घरी नेतात आणि त्यांचे उखाणे जुळवून आणतात. परवा 'पासवर्ड', 'मेथी' आणि 'लिफ्ट' असे तीन शब्द दिले, तर एका काकूंनी आपल्या यजमानांना थेट लिफ्टमध्ये अडकवून ठेवलं. पुरुष मंडळींनी तक्रार केली, आम्हालाही घेऊ द्या. एक आजोबा उभे राहिले, बायकोचं नाव घ्यायच्या आधीच त्यांना इतकं लाजायला झालं की पाणी द्यावं लागलं.

पण त्या दिवशीचं आधी सांगून संपवते. आम्ही सगळे आंबिवलीला गेलो. कागद वहिनीच्या हातात होता. दादा ड्युटीवरून आला, त्याने तो उभ्या उभ्या वाचला आणि वहिनीकडे पाहिलं. निकाल अधलामधला निघाला होता, म्हणून निर्णय तिचा, ते सगळ्यांनी मान्य केलं होतं. आई ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. हात कशालाच लावला नाही.

वहिनी म्हणाली, "आई, एक अट आहे. गॅस पेटवला की स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. कोणी हाक मारली तरी. त्यांनी मारली तरी." तिने आप्पांकडे बोट दाखवलं.

"आन् दूध?"

"दूध मी बघीन."

"चालंल," आई म्हणाली. मग ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर तो परीक्षेचा ताठा परत आलेला दिसला. "पण मला एकटीलाच परीक्षा? तू पण घे नाव."

"मी?" वहिनी दादाला दिवसभर नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. तिने हसत तोंड उघडलं, "हे काय, त्यात काय..." आणि थांबली. लग्नात फोनवरून पाठ केलेला उखाणा तिला आठवेना. "चांदीच्या ताटात... ताटात... अगं ताई, काय होतं पुढे?"

"सांगायचं नाही!" आई ओरडली. "परीक्षेत सांगायचं नाही!"

"ताटात बर्फी..." दादाने पुटपुटून मदत करायचा प्रयत्न केला.

"बर्फी नव्हती रे! गप बस तू!" वहिनीने कपाळाला हात लावला. बाळ टाळ्या पिटायला लागलं. आप्पा खोकत होते. आईने परातीत पीठ घेतलं, गॅस पेटवला, तवा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळली.

"मग काय करायचं हिचं?" ती म्हणाली. "आणायची का हिच्यासाठी ती विजेची शेगडी?"